दाराखालची पाचर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, पण तुमच्या पायाला मी कधीतरी लागलेच असेन. मी लागले, की तुम्ही 'आई गं' म्हणता, वाकून बघता आणि 'काही नाही, लाकडाचा तुकडा आहे' म्हणत पुढे जाता. तो तुकडा म्हणजे मी. मी एक जुनी पाचर आहे. एका टोकाला दोन बोटं जाड, दुसऱ्या टोकाला पोस्टकार्डाएवढी पातळ. दार उघडं राहावं म्हणून त्याच्या खाली मला सरकवतात. एवढंच माझं काम.

लोकांनी माझी बदनामी मात्र फार केली आहे. कुणी कुणाच्या चाललेल्या कामात अडथळा आणला, की 'त्याने पाचर मारली' म्हणतात. मी काही कुणाचं काम अडवत नाही हो. मी अडवते ते फक्त दाराचं मिटणं.

माझा जन्म दारापाठोपाठचाच. ज्या दाराखाली मी राबले, त्याच दाराच्या फळीतून मी निघाले आहे. ते दार होतं कौटुंबिक न्यायालयाच्या एका दालनाचं. आई-बाबांचं एकमेकांशी पटेनासं होतं आणि मुलाने कुणाकडे राहायचं हे काही केल्या घरात ठरत नाही, तेव्हा ते जिथे ठरवतात ती ही जागा. सुताराने दार बसवलं, पण चौकट ओळंब्यात नव्हती, जराशी कललेली होती. दार उघडून हात सोडला, की ते आपलं आपण हळूहळू मिटायचं. सुतार म्हणाला, दाराला झोप फार आहे. पुन्हा सगळं उसकटून बसवायचा त्याला कंटाळा आला असावा. दाराचा खालचा तुकडा कापून उरला होता, तो त्याने तिरका तासला, दाराखाली सारला आणि दारावर थाप मारून म्हणाला, "घे, तुझ्याच हाडाची आहे, हिचं तरी ऐक."

पण पहिली कितीतरी वर्षं मला जवळजवळ कामच नव्हतं. या दालनातलं सगळं बंद दाराआड चालायचं. घरातली भांडणं चारचौघांत कशाला, मुलांच्या आयुष्याचा तमाशा कशाला, म्हणून. झाडूवाल्या मावशी फरशी पुसायच्या तेवढा वेळ मी दाराखाली. बाकी दिवसभर आत, भिंतीच्या कडेला आडवी पडलेली. भिंतीला कान असतात म्हणतात. भिंतीला टेकलेल्या पाचरीलाही असतात.

माझी नजर जमिनीलगत. त्यामुळे माणसांचे चेहरे मला कधी नीट दिसले नाहीत. मी ओळखायची ती पायांवरून. न्यायाधीशबाईंचे काळे, पुढे चपटे झालेले बूट. शिपाईमामांच्या चपला, त्यांच्याआधी त्यांचा चर्र आवाज पोचायचा. वकिलांचे चकचकीत जोडे, ते कायम कुठल्यातरी दुसऱ्या दालनाच्या दिशेला वळलेले. आणि मुलांचे पाय. मित्रांनो, मुलांचे पाय बाकावरून खाली पोचत नाहीत. ते हवेत हलत राहतात. ते बघून मला तिथे कधी स्वस्थ पडवलं नाही.

एक गंमत सांगते. दार एवढं घट्ट बंद, आणि शिपाईमामा काय करायचे, तर बाहेर व्हरांड्याच्या बोळात उभे राहून आई आणि बाबा दोघांच्या पूर्ण नावांचा तीन-तीनदा पुकारा करायचे. खाली सायकली लावणाऱ्यांनाही कळायचं, की आज कुणाच्या घराचा नंबर आहे. आत गुपित आणि बाहेर दवंडी. याचं कुणालाच काही वाटायचं नाही. रोजचंच होतं.

मग ती आली. आठ वर्षांची असेल. तिचं नाव मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. मला ती लक्षात राहिली ती तिच्या बुटांमुळे. डाव्या बुटाला हिरवी लेस, उजव्या बुटाला पिवळी. मला आधी वाटलं, घाईत काहीतरी चुकलंय. मग बाकावर बसल्या बसल्या तिने शिपाईमामांना सांगितलेलं ऐकलं. हिरवी लेस आईने आणलेली आणि पिवळी बाबांनी. दोन्ही हिरव्या घातल्या तर बाबांना वाईट वाटेल, दोन्ही पिवळ्या घातल्या तर आईला. म्हणून एकेक. हे तिने असं सांगितलं, जसं आपण सांगतो की पावसात छत्री नेतात. शिपाईमामांनी आपली एक चप्पल पुढे केली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माझ्या दोन्ही चपला एकाच दुकानातल्या आहेत, म्हणून त्या सारख्या आहेत." ती हसली.

तिची आई शिवणकाम करायची. तिच्या चपलेच्या तळाला नेहमी दोऱ्याचं एखादं टोक चिकटलेलं असायचं. बाबा यंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या बुटांना ग्रीसचा वास. दोघंही वाईट नव्हते, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणूस कोण ते कळलं असतं, तर माझा जीव एवढा टांगणीला लागला नसता.

न्यायालयाचे एक समुपदेशक होते. त्यांनी दोन्ही घरं बघून यायचं आणि अहवाल लिहायचा, अशी पद्धत. तो अहवाल वाचला गेला. त्यात आईच्या घराबद्दल लिहिलं होतं, की अपत्य तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एकटेच बसलेले आढळले. अपत्य हा शब्दच असा आहे, त्यात कुणाचंही मूल बसतं. अहवालावरून ठरलं, की मुलीने बाबांकडे राहावं आणि आईने पंधरा दिवसांतून एकदा, इथल्याच मुलांच्या खोलीत, तासभर भेटावं.

आई उठली. हळू आवाजात म्हणाली, "आमच्या घराला जिना नाही."

तिला सांगितलं, जे काही आहे ते लेखी द्या. पुढच्या तारखेला ती पुन्हा तेच म्हणाली. तिचे वकील तेव्हा दुसऱ्या दालनात होते. तिला सांगितलं, तुमच्या वकिलांना बोलू द्या. तिसऱ्या तारखेला म्हणाली, तेव्हा वेळ संपली होती. मी तिथेच, दोन हातांवर पडले होते. मला सगळं कळत होतं. जमिनीला लागून असलेल्या घरात राहणाऱ्या बाईच्या अहवालात दुसऱ्या कुणाच्यातरी घराचा जिना येऊन बसला होता. पण पाचरीला तोंड नसतं. दार आपलं आपण मिटत राहिलं. असे सात महिने गेले. तासाभराच्या भेटीनंतर दाराच्या फटीतून दिसायचं, हिरवी लेस बोळातून एकीकडे जायची आणि दोऱ्याची चप्पल दुसरीकडे, आणि मी नुसती पडून असायची.

सात महिन्यांनी वरून एक परिपत्रक आलं. शिपाईमामांनी ते बोळात चिकटवण्याआधी मोठ्याने वाचलं. यापुढे वार्ताहरांना दालनात बसू द्यावं, म्हणजे इथे काय आणि कसं चालतं ते लोकांना कळेल. मात्र कुणाचंही नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र छापायचं नाही. पुकारा नावाने नव्हे, क्रमांकाने करायचा. आणि मूल बोलत असताना दार बंद. एरवी दार उघडं. शिपाईमामा म्हणाले, उघडं ठेवा म्हणणं सोपं आहे, ठेवायचं कसं? आणि मग त्यांनी वाकून मला शोधलं. मित्रांनो, त्या दिवशी मला कसं वाटलं म्हणून सांगू! त्यांनी मला फडक्याने पुसलं, दाराखाली सारलं, वरून टाचेने ठोकलं. दार जागं राहिलं.

वार्ताहर म्हणून एक ताई यायला लागली. तिच्या कापडी बुटांवर शाईचे डाग. मागच्या बाकावर बसायची, बोलायची काही नाही, लिहायची. ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी या मुलीची तारीख होती. बाहेरच्या बाकावर ती मामांना लेसची गोष्ट पुन्हा एकदा सांगत होती, तेव्हा ताई आत येता येता थबकली. आई चौथ्यांदा उठून म्हणाली, आमच्या घराला जिना नाही. या वेळी मागच्या बाकावर पेन थांबल्याचं मला ऐकू आलं.

ताई त्या घरापाशी जाऊन बघून आली. आणि छापून आलं. एका आईच्या घराला नसलेला जिना तिच्या अहवालात कसा आला, आणि तो सात महिने कुणाला कसा दिसला नाही. पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी समुपदेशकांना समोर उभं केलं. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. महिन्याला एक्केचाळीस घरं होती, म्हणाले. जुन्या अहवालावरच नवीन मजकूर टाइप करायची सवय लागली, एक परिच्छेद बदलायचा राहिला. त्या घरी आपण गेलोच नव्हतो, हेही त्यांनी मान खाली घालून सांगितलं. घरं नव्याने बघायचा आदेश निघाला. बाबांचे ग्रीसचे बूट कितीतरी वेळ जागचे हलले नाहीत. त्यांनाही तो जिना खराच वाटला होता ना.

मी तर अभिमानाने इतकी फुगले होते, की ऐन थंडीतही दाराखाली घट्ट बसले. शिपाईमामा मला म्हणाले, "आता तुझाही पेपरात फोटो."

पण थांबा. ताईने नाव गाळलं होतं. शाळा गाळली होती. गल्ली, शहर, आईबाबांचे धंदे, सगळं गाळलं होतं. बातमीच्या शेवटी मात्र तिने चार ओळी ठेवल्या होत्या, कारण त्या तिच्या मनातून जाईनात. की त्या मुलीच्या एका बुटाला हिरवी लेस आहे आणि दुसऱ्याला पिवळी, आणि ती तशी का आहे.

ज्यांनी वाचलं त्यांचे डोळे भरून आले. आणि तिच्या शाळेत ज्यांनी वाचलं, त्यांना नावाची गरजच पडली नाही.

पुढच्या तारखेला मी दाराखालून तिची वाट बघत होते. एक मुलगी आत आली. पायांत पट्ट्याच्या सँडल. मी तिला ओळखलंच नाही. ती बाकावर बसली आणि पाय हलवले नाहीत, आणि मग तिच्या आत्याचं बोलणं कानावर पडलं तेव्हा मला कळलं. वर्गात मुलं तिला 'पेपरातली' म्हणत होती. बूट दाखव म्हणत होती. तू कुणाला निवडणार, म्हणून पैज लावत होती. एकीने तर सुतावरून स्वर्ग गाठला होता, की हिची आई जिन्यावरून पडली. या मुलीने दोन्ही लेस काढून कुठेतरी लपवून ठेवल्या होत्या आणि कुठे ते घरात कुणालाच सांगत नव्हती.

नव्या अहवालात दोन्ही घरं चांगली निघाली होती. आता न्यायाधीशबाईंना एकच गोष्ट हवी होती, तिच्या तोंडून दोन शब्द. त्यांनी तिला आपल्या खोलीत नेलं. पाच मिनिटांत दोघी बाहेर आल्या. ती म्हणाली होती, तुम्ही हे पण छापाल. त्यापुढे एक अक्षर नाही. ती बोलली नाही तर तिने राहायचं कुठे, हे पुन्हा कागदांवरूनच ठरणार होतं. आणि कागदांनी काय केलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच दिवशी शिपाईमामांनी मला पायाने बाजूला सारलं. रागाने नाही, पण सारलं. मी घरंगळत कपाटाखाली गेले. दार मिटलं. पंधरा दिवस मी धुळीत होते. मी स्वतःलाच विचारत होते, की दार बंद होतं तेव्हा त्या मुलीवर अन्याय झाला आणि मी काही करू शकले नाही. दार उघडलं तेव्हा माझ्यामुळे पुन्हा अन्याय झाला. मग माझं काम तरी काय? आणि मला आणखी एक गोष्ट टोचत होती. मीही तिला बुटांवरूनच ओळखत होते. मला माहीत असायला हवं होतं, की बूट म्हणजे नावच असतं.

मावशींच्या झाडूने मला बाहेर काढलं. "इथं होय गं तू," म्हणाल्या आणि सवयीने दाराखाली घातलं. न्यायाधीशबाईंचे बूट आत जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबले. त्यांनी मला काढायला सांगितलं नाही. म्हणून पुढचं मी ऐकलं.

बाबांचे वकील म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, दार कायमचं बंद करा. आईच्या वकिलांनीही मान डोलावली. दोन्ही वकिलांचं एकमत झालेलं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. तेवढ्यात दोऱ्याची चप्पल पुढे आली.

"दार बंद होतं तेव्हा माझ्या घराला जिना आला, मॅडम," आई म्हणाली. "ते उघडं राहू दे. पण माझ्या लेकीला झाका."

मग मागच्या बाकावरून ताईने बोलायची परवानगी मागितली. उभी राहिली. म्हणाली, सांगितलं होतं ते सगळं मी गाळलं. जे सांगितलेलं नव्हतं ते ठेवलं. मला ते फार आवडलं होतं, म्हणून ठेवलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, हे मला नका सांगू. जिला सांगायचं ती बाहेर बसली आहे. तिच्या आईबाबांची हरकत नसेल तर जा.

आईची नव्हती. बाबाही म्हणाले, जाऊ दे तिला.

मी उंबऱ्याशी होते, बाक माझ्यासमोर. आत्या शेजारीच बसून होती. ताई बाकावर बसली नाही, खाली फरशीवर बसली, म्हणून तिचा चेहरा मला दिसला. फार लहान वाटला.

"तू ती पेपरवाली?" मुलीने विचारलं.

"हो."

"माझे बूट तुला कुणी सांगितले?"

"कुणी नाही. मी पाहिले. आणि तू मामांना सांगत होतीस ते ऐकलं."

"मग मला विचारायचं ना."

ताईने मान हलवली. चुकलं माझं, म्हणाली. मुलीने वहीकडे बोट दाखवलं.

"आज काय लिहिलंयस?"

ताईने वही उघडून सगळं वाचून दाखवलं. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिने बोट ठेवलं. "केविलवाणी म्हणजे?"

"म्हणजे... बिचारी."

"खोड."

ताईने खोडलं.

"आणि 'डोळे पुसत' पण खोड. मला सर्दी झालीये."

तेही खोडलं. मुलीने पेन स्वतःकडे घेतलं आणि सँडलबद्दलची एक ओळ अशी गिरवून टाकली, की कागद फाटला. मग विचारलं, "जिन्याचं आहे का यात?"

"आहे. काढू?"

"नको. ते ठेव. ते मोठ्या अक्षरात लिही."

क्रमांकाचा पुकारा झाला. आता ती आत न्यायाधीशबाईंच्या खोलीत जाणार, दालनाचं दार बंद होणार. शिपाईमामा मला काढायला वाकले. तेवढ्यात ती बाकावरून उतरली आणि म्हणाली, "मामा, ती मला द्या."

त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. मला कुणी असं हातात धरलंच नव्हतं कधी. पाय माहीत होते मला माणसांचे, तळहात माहीत नव्हते. तिचा घामट होता. दार आमच्यामागे मिटलं, आणि पाचर तिच्या मुठीत होती, म्हणजे तिने परत ठेवल्याशिवाय ते उघडं राहणार नव्हतं. हे तिला कळत होतं. मुठीची पकड हळूहळू सैल झाली. आणि मग ती बोलली. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा हसलीसुद्धा.

काय बोलली ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही. दाराला नाही सांगितलं, आणि ते तर माझ्याच हाडाचं आहे. बाहेर आल्यावर तिने मला दाराखाली ठेवलं आणि सँडलच्या टाचेने दोनदा ठोकलं. शिपाईमामा म्हणाले, हात बसलाय हिचा. निकाल काय लागला, ती कुणाकडे राहते, तेही विचारू नका. पुढच्या तारखेला बोळाच्या टोकाला तिची पावलं वाजली आणि मी तिला दुरूनच ओळखलं, एवढं सांगते.

मी अजून इथेच आहे. घासून घासून बरीच झिजले आहे. दिवसातून दहादा सरकवतात, दहादा काढतात. कुणाच्या वेळी उघडं ठेवायचं आणि कुणाच्या वेळी मिटू द्यायचं, याची धाकधूक मला प्रत्येक वेळी नव्याने होते. ती होऊ नये असंही मला वाटत नाही. दाराखाली बसणाऱ्याला ती असलेलीच बरी. मी निकामी झाले तर मला फेकू नका, नवीन तासून घ्या, पण दाराखाली कुणीतरी असू द्या.

आणि एक राहिलंच. हिरवी आणि पिवळी म्हणाले ना मी? ते रंग खरे नाहीत. मी ते बदलले आहेत. आणखी काय काय बदललं आहे, तेही सांगणार नाही. तेव्हा उद्या शाळेत कुणाच्या पायांत दोन रंगांच्या लेस दिसल्या, तर ती हीच का, असं कुजबुजू नका, बोट दाखवू नका. सुटली असेल, तर मात्र जवळ जा आणि हळूच सांगा, "अगं, लेस सुटलीये तुझी."